उतार बिनविरोध मंजूर

“सूचनेला अनुमोदक?” होनमाने वकिलांनी विचारलं, आणि खोलीतले सगळे गिर्यारोहक आपापल्या पायमोज्यांकडे बघू लागले.

पायमोजे काही बघण्यासारखे नव्हते. तीन दिवस तेच पायांत होते आणि शेगडीला पाय लावून बसल्यामुळे त्यांतून वाफा निघत होत्या. बाहेर निम्म्या खिडकीपर्यंत बर्फ साचला होता. तीन दिवस तो एकसारखा पडत होता, आणि वारा असा की विश्रामगृहाचे पत्रे आता उडतात की मग उडतात. त्या सकाळी एकाएकी आभाळ निळंशार झालं, लख्ख ऊन पडलं, आणि ऊन पडल्याबरोबर आमच्या मंडळाला सभा घेण्याची हुक्की आली.

मंडळ म्हणजे कोयनाकाठ गिरिभ्रमण मंडळ, कराड. अध्यक्ष अण्णा डुबल, म्हणजे आमचे हे. चार मित्र रविवारी सकाळी सदाशिवगडावर जायचे, त्याचं मंडळ झालं. मंडळाची घटना झाली, घटनेतून पदं निघाली, आणि पदं निघाल्यावर चालणं कमी नि सभा जास्त असा प्रकार सुरू झाला. गडावर पिठलं करायचं की रस्सा, यावरसुद्धा ठराव व्हायचा. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं रीतसर. मंडळाला सगळ्यात मोठा अभिमान कुठल्या शिखराचा नव्हता. स्थापनेपासून एकही ठराव विरोधानं मंजूर झालेला नाही, याचा होता. कुणाला काही पटलं नाही, तर त्यानं ते सभा संपल्यावर चहाच्या गाड्यावर बोलायचं. सभेत मुकाट्यानं हात वर करायचा. मंडळ नवं होतं तेव्हा मला वाटलं होतं, काय समजूतदार माणसं आहेत! पुढं पुढं कळलं की हे सगळे एकमेकांना जाम घाबरतात.

तर मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून रौप्यमहोत्सवी हिवाळी मोहीम निघाली होती. हिमाचलात कोठीधार नावाचं आडगाव आहे, तिथून वरची एक खिंड गाठायची आणि तिथं झेंडा लावायचा, असा बेत. प्रत्यक्षात आम्ही कोठीधारला पोचलो त्याच संध्याकाळी वादळ आलं, आणि झेंडा लागला तो विश्रामगृहाच्या पाण्याच्या टाकीवर. फोटो मात्र खाली झोपून, वर बघत असा काढला की टाकी दिसू नये. मला मोहिमेत ‘आमंत्रित’ म्हणून घेतलं होतं. आमंत्रिताला मत नसतं. लोणच्याची बरणी असते.

आता प्रश्न परत जाण्याचा होता. जीप खाली बुरांगा गावात उभी होती, आणि कोठीधारहून बुरांग्याला जाणारी वाट एका मोठ्या उताराच्या मधून आडवी जायची. विश्रामगृहाच्या ओसरीतून तो उतार दिसायचा. गुळगुळीत, पांढरा, एक झाड नाही की दगड नाही. आजच्या आज तो ओलांडला तर जीप, मग गाडी, आणि रविवारी संध्याकाळी कराडच्या टाऊन हॉलमध्ये पालकमंत्र्यांच्या हस्ते सत्कार. पत्रिका छापून वाटल्या होत्या. फेट्यांचं सांगून ठेवलं होतं.

आणि या सगळ्यात डॉक्टर विभावरी आफळे उभ्या राहून म्हणत होत्या की आज कुणी उतारावर पाऊल टाकू नये, दोन दिवस इथंच थांबावं.

या आफळेबाई दातांच्या डॉक्टर. उत्तरेतल्या कुठल्याशा संस्थेत त्यांनी गिर्यारोहणाचा कोर्स केलेला, आणि तो केल्यापासून त्यांनी एकाही माणसाला धड बुटाची नाडी बांधू दिली नव्हती. गाठ चुकली, पिशवी चुकली, पाणी प्यायची पद्धत चुकली. वर जाता जाता हिरड्यांवर एक व्याख्यान. त्या बरोबर बोलायच्या, हीच त्यांच्याबद्दलची तक्रार होती. त्या सकाळी त्यांनी फावडं घेऊन विश्रामगृहामागच्या चढावर कमरेएवढा खड्डा खणला होता, आणि सगळ्यांना खड्ड्याभोवती उभं करून प्रात्यक्षिक दाखवलं होतं. बर्फाचा एक चौकोनी खांब कापून मोकळा केला, त्याच्यावर फावडं ठेवलं आणि वरून नुसत्या बोटांनी टिचक्या मारल्या. दोनचार टिचक्यांत खांबाचा वरचा अख्खा भाग सरकून त्यांच्या मांडीवर आला.

“बघितलंत ना?” सभेत त्या सांगत होत्या. “खाली जुना बर्फ आहे, कडक झालेला. त्याच्यावर साखरेसारखा सुटा थर. तो कशालाच धरत नाही. आणि त्याच्यावर हा तीन दिवसांचा नवा बर्फ, वाऱ्यानं आणून थापलेला. वरून मजबूत वाटतो, पण बसलाय साखरेवर. शेजारच्या डोंगरावरचा काल रात्रीच निसटलाय. त्याचं तोंडही या उताराच्याच दिशेला आहे. ऊन चढलं की हाही येणार.”

“म्हंजे बर्फीचा थर ताटातनं सुटतो तसं,” थोरवडे म्हणाले. थोरवड्यांचा पेंडीचा व्यापार होता आणि अंगापिंडानं ते आमच्यात सगळ्यांत भरभक्कम होते. मंडळाचा झेंडा म्हणून त्यांच्याकडे.

“तसंच,” आफळेबाई म्हणाल्या.

थोरवड्यांचा चेहरा उतरला. बर्फी त्यांना कळत होती.

“डॉक्टरांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे,” होनमाने वकील म्हणाले. ते मंडळाचे चिटणीस. कोर्टात त्यांचं फारसं चालायचं नाही म्हणून सगळं कायदेज्ञान मंडळात ओतायचे. “परंतु तो खड्डा विश्रामगृहाच्या आवारातला आहे. विषयांकित उतार आवाराबाहेर आहे. इथल्या खड्ड्याचा निष्कर्ष तिथल्या बर्फाला लागू होतो, असं कुठं म्हटलंय?”

“मग उतारावर जाऊन खणू का खड्डा?”

“ते आपलं आपण ठरवावं. बरं, स्थानिकांचं मत घेतलंय.” त्यांनी दारात उभ्या असलेल्या चौकीदाराला, मोतीरामला, सगळ्यांदेखत पुन्हा विचारलं, “क्यों भई, लोग जाते हैं ना इस रास्ते से?”

मोतीरामनं खांदे उडवले. “साब, जाने वाले तो जाते ही हैं.”

“स्थानिकांचा पाठिंबा आहे,” वकील म्हणाले आणि लिहून घेतलं.

तेव्हाच त्यांनी तो प्रश्न विचारला होता. सूचनेला अनुमोदक?

मी एकेकाचं तोंड बघत होते. वर्षानुवर्षं या माणसांना जेवायला वाढलेलं. कुणाला भीती वाटली की तो कान खाजवतो, कुणाची मिशी हलते, हे मला ठाऊक होतं. त्या खोलीत त्या सकाळी कान खाजवून लाल झाले होते. आमचे हे शेगडीच्या पलीकडे खुर्चीत बसले होते. खुर्ची एकच होती, अध्यक्षांची. त्यांचा डावा गुडघा सारखा वरखाली हलत होता. आमच्या पोरीच्या लग्नात वऱ्हाडाची बस घाटात अडकली होती तेव्हा तो असा हलत होता. त्यानंतर आजच.

“मी आहे अनुमोदक,” मी म्हटलं.

सगळ्यांनी माना वर केल्या. होनमाने वकील अगदी गोड हसले.

“वहिनी, आपली भावना पोचली. पण आपण आमंत्रित. घटनेप्रमाणे आपल्याला अनुमोदन देता येत नाही.”

“बर्फाला ठाऊक आहे का तुमची घटना?”

“प्रमिला,” अण्णा म्हणाले, “सभेचं काम चालू आहे.”

अनुमोदकाअभावी आफळेबाईंची सूचना बारगळली. मग वकिलांनी आपला ठराव मांडला: हवामान निवळल्यानं मोहिमेनं आजच प्रस्थान ठेवावं. अनुमोदक पटापट तीन मिळाले, त्यांतला एक निवडावा लागला.

“एक तरी ऐका,” आफळेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. “जायचंच असेल तर एकेकानं जा. पहिला पलीकडे पोचल्यावर दुसरा. सगळे एकदम नको. गेला तर एक जाईल.”

“हे कसं चालेल?” वकिलांनी भिंतीवर लटकवलेल्या कापडी फलकाकडे बोट केलं. फलकावर मंडळाचं ब्रीद होतं, ‘एकही मागे नाही’. “सह्याद्रीत आपण कधी माणूस मागं ठेवलाय का? सगळ्यांनी एकत्र जायचं, हाताला हात. पुढं अध्यक्ष, मग झेंडा, मग पदाधिकारी, मग सभासद. हां, एक दुरुस्ती मी सुचवतो. उतारावर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आवाजानं बर्फ सुटतो.”

“आवाजानं नाही सुटत हो. वजनानं सुटतो.”

सगळ्यांनी थोरवड्यांकडे पाहिलं. थोरवड्यांनी पोट आत घेतलं.

मत घ्यायची वेळ आली. हात वर झाले. आफळेबाईंचा झाला नाही.

“डॉक्टर,” वकील समजुतीनं म्हणाले, “पंचवीस वर्षांची परंपरा आहे. रौप्यमहोत्सवी वर्षात ती आपल्या हातून मोडावी?”

“माझा विरोध आहे. लिहा.”

“तुमच्या एकटीसाठी?” मागून कुणीतरी म्हणालं. “किती ताणायचं!” दुसरं कुणी म्हणालं. आफळेबाईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. कधी नव्हे ती मला त्यांची दया आली. त्या खाली बसल्या.

“बरं, मी तटस्थ.”

“तटस्थ म्हणजे विरोध नाही,” वकील म्हणाले. “ठराव बिनविरोध मंजूर.” आणि टाळ्या झाल्या. खरोखर टाळ्या झाल्या. ज्या उतारावर आपण गाडले जाणार, तो बिनविरोध मंजूर झाल्याबद्दल. त्यानंतर आभारप्रदर्शन झालं, मोतीरामला श्रीफळ देण्यात आलं, आणि त्यानं ते दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिलं.

सामान बांधताना मी अण्णांना एकटं गाठलं.

“अहो, तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय? सभेत झालंय ना.”

“सभा गेली खड्ड्यात. तुम्हाला, तुम्हाला काय वाटतं?”

ते माझ्याकडे बघेनात. बॅगेचा पट्टा ओढत बसले. “अध्यक्षाला मत नसतं, प्रमिला. बरोबरी झाली तरच असतं.”

मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला की बरणी उचलून डोक्यात घालावी. या माणसानं घरात कधी मला विचारल्याशिवाय भाजी आणली नाही, आणि मरायला निघाला होता तो होनमान्यांनी ठराव केला म्हणून! वर पुढं चालणार होता. पहिला. मानानं.

आम्ही निघालो. गावातली शेवटची दोन घरं मागं पडली आणि वाट उताराच्या तोंडाशी आली. जवळून तो ओसरीतून दिसायचा त्याच्या कितीतरी पट मोठा निघाला. वर मान करून पाहिलं तर कड्यापाशी वाऱ्यानं बर्फाची छपरासारखी कड बाहेर काढली होती आणि तिच्यावर ऊन तापत होतं. सगळे गप्प. होनमान्यांच्या दुरुस्तीचा मान राखला जात होता. थोरवड्यांनी फोटोसाठी झेंडा उताराच्या कडेला रोवला, आणि तो रोवताना त्यांच्या पायाखाली कुठंतरी खोल ‘धप्प’ असा आवाज झाला. धान्याचं पोतं दुसऱ्या खोलीत पडावं तसा. त्यांच्या बुटापासून एक बारीक चीर निघाली आणि वळणं घेत वर गेली.

“हे काय झालं?” थोरवडे कुजबुजले.

आफळेबाई काही बोलल्या नाहीत. ज्या बाईनं तीन दिवसांत आम्हाला श्वास घ्यायची पद्धतसुद्धा चुकीची आहे म्हणून सांगितलं होतं, ती गप्प राहिली. तेव्हा मी समजले की आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

“चला,” होनमाने वकील हळूच म्हणाले. “अध्यक्ष, पुढं व्हा.”

अण्णांनी हातमोजे चढवले. एका बाजूनं थोरवड्यांचा हात धरला. एक पाऊल उचललं.

मी वाटेकडेच्या दगडावरचा बर्फ हातानं झाडला आणि बसले.

“वहिनी?” वकील म्हणाले.

“मी येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे येत नाही. तुम्ही जा.”

“अहो, पण असं कसं? ठराव झालाय.”

“मी कुठं सभासद आहे तुमची? मला ठराव लागू नाही. मला मत नाही, तर मला ठरावही नाही.”

वकिलांनी घटना आठवून पाहिली. घटनेत याला उत्तर नव्हतं. “पण तुम्हाला इथं सोडून आम्हाला जाता येणार नाही!”

“का बरं?”

त्यांनी फलकाकडे पाहिलं. फलक दोघांनी दोन टोकांना धरून फोटोसाठी ताणून उभा केला होता. एकही मागे नाही. मी तो आधी वाचला होता, हे मी मान्य करते.

“कारण तरी सांगा,” वकील हताश होऊन म्हणाले. “कारण नोंदवावं लागेल.”

मी काही बोलायच्या आत अण्णा तरातरा माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. लग्नानंतर एवढ्या मोठ्या आवाजात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

“प्रमिला! काय तमाशा चालवलायस हा चारचौघांत? अं? माझ्या पदाची तरी लाज राख! ऊठ! ऊठ म्हणतो ना!”

आणि त्यांनी मला उठवायला माझे दोन्ही खांदे धरले.

सगळ्यांकडे त्यांची पाठ होती. तोंड फक्त मला दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या खांद्यांवरचे त्यांचे हात मला वर ओढत नव्हते, खाली दाबत होते. सगळं वजन टाकून दाबत होते. मला उठायचं असतं तरी उठता आलं नसतं.

“ऊठ!” ते ओरडले आणि आणखी दाबलं.

मी दगड घट्ट धरला.

“उठवत नाही हो,” मी म्हटलं.

अण्णा वळले. हात झटकले. “गुडघे धरलेत हिचे,” त्यांनी जाहीर केलं. “आधीपासूनचा त्रास आहे. आता हिला उतारावरून न्यायची म्हणजे...”

माझे गुडघे त्या दिवशी ठणठणीत होते. आजही आहेत. पण अण्णांच्या तोंडातून तो शब्द पडला मात्र, आणि त्या सगळ्या मंडळीत असा जीव आला म्हणता! “अरे बापरे, गुडघे का!” “मग काय, थांबलंच पाहिजे.” “गुडघ्याचं वाईटच असतं बगा, माझ्या सासूला हाय.” एकजण तर बॅग टाकून माझ्यासाठी थर्मास उघडायला लागला. होनमाने वकील कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “नाइलाज आहे. मोहीम तात्पुरती स्थगित.” आणि फिरले. इतक्या चपळाईनं या मंडळाला चालताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी गुडघे धरलेली बाई, मला त्यांना गाठायला पळावं लागलं.

झेंडा थोरवडे तिथंच विसरले.

आम्ही गावातल्या घरांपाशी पोचत होतो तेव्हा तो आवाज आला. मी वळून पाहिलं. उताराच्या वरच्या अंगाला एक लांबच लांब रेघ उमटली, आणि रेघेखालचा सगळा डोंगर एकदम चालायला लागला. ढेकळं झाली, ढेकळांचा धूर झाला, वारं अंगावर आलं आणि आमच्या टोप्यांवर, मिश्यांवर बर्फाची भुकटी बसली. मग शांत. वाट जिथं होती तिथं काहीच नव्हतं. झेंडा, वाट, उतार, सगळं खालच्या नाल्यात जाऊन पडलं होतं.

थोरवडे मट्कन खाली बसले.

“हे अपेक्षितच होतं,” होनमाने वकील म्हणाले.

दोन दिवस आम्ही विश्रामगृहात काढले आणि मग खालच्या नाल्यातून, गोठून घट्ट झालेल्या त्याच ढिगाऱ्याच्या कडेनं, मुकाट्यानं बुरांग्याला उतरलो. त्या दोन दिवसांत माझ्याकडे माणसं येत होती. एकेकटी, दुसरं कुणी बघत नाही असं बघून. पहिले आले थोरवडे.

“वैनी, खरं सांगू? माझं मन घेतच नव्हतं.”

“मग हात का वर केलात?”

“सगळ्यांनीच केलावता की.”

त्यांच्यानंतर फलक धरणारे दोघे, वेगवेगळे. त्यांचंही मन घेत नव्हतं. थर्मासवाल्याचं नव्हतं. होनमाने वकील माझ्याकडे लोणचं मागायला आले आणि म्हणाले की व्यक्तिशः त्यांचंही मत वेगळं होतं, परंतु चिटणीस म्हणून सभेचा कल ओळखणं त्यांचं कर्तव्य होतं. एक आफळेबाई तेवढ्या आल्या नाहीत. मीच त्यांच्याकडे गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

“मला वाटलं, कुणीतरी एक उभं राहील,” त्या म्हणाल्या. “एकच हवा होता हो.” आणि रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. रडता रडता त्यांनी मला सांगितलं की माझ्या उजव्या दाढेला कीड लागली आहे.

म्हणजे त्या सकाळी त्या खोलीत उतारावर जायची इच्छा असलेला एकही माणूस नव्हता. एकही. आणि ठराव बिनविरोध झाला होता.

सत्कार दोन दिवस पुढं ढकलावा लागला. पालकमंत्री दौऱ्यावर निघून गेले आणि हार घालायला उपनगराध्यक्ष आले. अण्णांचं भाषण झालं. हिमालयाचं रौद्र रूप, मंडळाची दूरदृष्टी, आलेला हिमलोट अगोदर ओळखून मोहीम स्थगित करण्याचा पदाधिकाऱ्यांचा निर्णय. होनमान्यांचं नाव तीनदा आलं. आफळेबाईंचं एकदा, ‘आदींनी परिश्रम घेतले’ मध्ये. मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

“आणि उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व,” अण्णा शेवटी म्हणाले. “आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे!”

टाऊन हॉल खदखदून हसला. मीही हसले, दुसरं करणार काय? पण तो घाव मला लागला, आणि चांगला लागला. मी त्या माणसाला महिनाभर वांगं खायला घातलं. वांगं त्यांना चालत नाही.

कराडात पुढं वर्षभर ‘पालकमंत्री हुकले ते डुबलवहिनींच्या गुडघ्यांमुळं’ हे सगळ्यांना पाठ झालं. मंडळाच्या वार्षिक सभेत यापुढे मोहिमेत आमंत्रित घेऊ नयेत, असा ठराव आला. सूचक होनमाने, अनुमोदक थोरवडे, अध्यक्षस्थानी आमचे हे. बिनविरोध.

पुढच्या हिवाळ्यात अपुरी राहिलेली मोहीम पुरी करायचं ठरलं. तेच कोठीधार, तीच खिंड. आफळेबाईंनी तोवर मंडळ सोडलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगत होते की हिमाचलात वादळ आहे, बर्फ पडतोय, रस्ते बंद आहेत. कोपऱ्यावर गाडी येऊन थांबली होती. अण्णा दाराशी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते. त्यांचा डावा पाय एका जागी ठरत नव्हता.

“प्रमिला,” ते म्हणाले, “तुझे गुडघे कसे आहेत गं?”

“छान आहेत.”

“नाही, थंडी पडलीय म्हणून विचारतो. थंडीत धरतात म्हणे.”

“माझे नाही धरत.”

त्यांनी नाडी पुन्हा सोडली. मला राग यायला हवा होता. आली ती भीती. हा माणूस जाणार. तिथं दगड असेल, पण दगडावर बसायला कुणी असणार नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

“अहो, कोपऱ्यावर जा आणि सांगा, ‘मला जायचं नाही.’ तीन शब्द आहेत. मी येऊ का बरोबर?”

“छे, छे. तू कशाला!” ते उठले, बॅग पाठीला लावली आणि गेले. वळून पाहिलं नाही.

मी दारात उभी राहिले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नाही सांगितलं त्यांनी. नाहीच जमलं. मी आत जाऊन देवापुढं उभी राहिले, काय मागावं तेसुद्धा सुचेना. आणि दारात बुटांचा आवाज आला.

अण्णा आले होते, पाठीवर बॅग तशीच. मला धावत जाऊन मिठी मारावीशी वाटली. पण त्यांच्या मागून थोरवडे आले. त्यांच्या मागून फलकवाले. त्यांच्या मागून थर्मासवाला, आणि एकेक करत सगळं मंडळ, आणि शेवटी होनमाने वकील. गाडी चालू झाली होती ती आमच्या दारात लावण्यासाठी. पायरीवर बुटांचा ढीग पडला. सगळी बैठक भरून गेली, आणि एकेकाचा चेहरा असा की परीक्षेला निघालेल्या पोराला शाळेला सुट्टी झाल्याचं कळावं.

“सांगितलंत?” मी अण्णांना हळूच विचारलं.

“सांगितलं.” ते माझी नजर चुकवत होते.

“काय सांगितलंत?”

त्यांनी उत्तर द्यायच्या आत होनमाने वकील पुढं झाले आणि हात जोडून अगदी काळजीनं म्हणाले, “वहिनी, तुम्ही उठू नका. आत्ताच गाडीत ठराव झाला, वहिनींना असं अंथरुणात सोडून मोहीम न्यायची नाही. बिनविरोध झाला. कसे आहेत आता गुडघे?”

सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णाही.

“फार दुखतायत,” मी म्हटलं, आणि लंगडत लंगडत चहा टाकायला आत गेले.